अक्काची दहावी आणि पास्ट परफेक्ट

माझी थोरली बहीण, अक्का, आमच्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. खिचडी शिजवणं, लेकरांचे हात धुणं, झाडलोट. तिथल्या टीचर निवृत्तीला आल्या होत्या. अशी जागा रिकामी झाली की मदतनिसाला आधी विचारतात, फक्त दहावी पास पाहिजे. अक्का नववीपर्यंतची. नववीतच तिला मामाला दिली. आमच्याकडं तशी रीत आहे, आणि पोरगी घरातच राहिली म्हणून सगळे खूश होते.

चव्वेचाळिसाव्या वर्षी तिनं बाहेरून परीक्षेला बसायचं ठरवलं. मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरीला. इंग्रजी बेताचं, पण तिला शिकवायला दुसरं कोण होतं? पास्ट परफेक्टपर्यंत बरं चाललं. तिथं अडलं.

"भूतकाळातल्या दोन गोष्टी," मी सांगितलं. "आधी झाली तिला हॅड आणि क्रियापदाचं तिसरं रूप. नंतरचीला साधा भूतकाळ."

"दोन्ही होऊनच गेल्या की रे तम्मा. मंग आधी कोण, मागून कोण, कामून बघायचं?" धाकट्या भावाला, म्हणजे मला, ती तम्माच म्हणते.

मामा, म्हणजे तिचे यजमान, खाटेवरून म्हणाले, "लेकरांना विंग्रजीत खिचडी वाढायलीस का आता?"

"वाढते की. द चिल्ड्रन हॅड ईटन बिफोर द टीचर केम."

टीचर यायच्या आधी लेकरं जेवली होती. वाक्य बरोबर होतं, बातमीही खरी. मी हसलो, मामाला काही कळलं नाही.

पण तोंडी जमायचं ते कागदावर चुकायचं. कधी दोन्हीकडं हॅड, कधी कुठंच नाही. प्रश्न दोन मार्कांचा, पास व्हायला बाकीचं पुरे होतं. "सोड गं," मी म्हणालो.

"पक्कं न्हाई तर कसं बसू? नापास झाले तर गाव हसंल."

त्या वर्षी तिनं फॉर्म भरला नाही. मीही लावून धरलं नाही. टीचरची दोन वर्षं शिल्लक आहेत, घाई कशाची, हा हिशेब माझाच.

पुढच्या वर्षी ती तालुक्याला, भालकीला जाऊन, लेकराच्या वयाच्या पोरांत बसून परीक्षा देऊन आली. इंग्रजीत त्रेचाळीस पडले. पण गुडघ्यांमुळं टीचरनी हिवाळ्यातच नोकरी सोडली होती, आणि अक्काचा निकाल लागला तोवर जागा भरली गेली होती. शेजारच्या गावची, नुकतंच शिक्षण संपलेली पोरगी आली. मी तालुक्याला जाऊन विचारलं. अर्जाच्या तारखेला मदतनीस बाई दहावी पास नव्हत्या, एवढंच उत्तर मिळालं. त्यात चूक काढता येत नाही. मी खूप शोधली.

निकालाचे पेढे अक्कानंच आणले. पहिला नव्या टीचरला दिला.

"अक्का, ह्या वयात दहावी कामून केली तुम्ही?" पोरीनं सहज विचारलं.

"राहिली होती म्हणून," अक्का म्हणाली आणि खिचडीचं पातेलं उतरवायला आत गेली.