सहादूची पगारवाढ

सहादू नांदगावकडून नाशिकला आला आणि सातपूरच्या एका कारखान्यात लेथ मशिनवर लागला. हात चांगला, बोलणं कमी. लग्नानंतर काही वर्षांनी त्याला वाटायला लागलं, शेजारच्या मशिनवरची माणसं आपल्याबद्दलच बोलतात. पुढे मशिनी बंद असल्या तरी आवाज चालूच. कुणी काही घातलं असेल म्हणून डबाही तसाच घरी परत यायचा. बायकोने, मैनाने, दृष्ट काढली, भगताकडे नेलं, आणि शेवटी ईएसआयच्या दवाखान्यात नेलं. ईएसआय म्हणजे ठरावीक मर्यादेच्या आत पगार असलेल्या कामगारांना, पगारातून थोडे पैसे कापून मिळणारा सरकारी विमा. तिथल्या डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांनी आवाज मागे सरले. कारखान्यात मात्र त्याने पित्ताचा त्रास एवढंच सांगितलं. डोकं फिरलेल्या माणसाच्या हाती लेथ कोण देईल?

२००३च्या उन्हाळ्यात युनियनचा करार झाला. युनियनचा पुढारी भिकन सहादूचा जुना मित्र. तो पेढे घेऊन घरी आला.

"वहिनी, तोंड गोड करा. पगार वाढला, आता ईएसआयच्या मर्यादेबाहेर गेला सहादू. रांगा संपल्या. कंपनी मेडिक्लेम देणार, पाहिजे त्या हॉस्पिटलात जा."

मैनाला शंका आली. शहरात ओळख नसलेला एक विमा एजंट गाठून, भावासाठी विचारते असं सांगून तिने चौकशी केली.

"ताई, मनाचे आजार पॉलिसीत बसत नाहीत," तो सरळपणे म्हणाला. "आणि नुसत्या गोळ्यांचे पैसे तर कुठल्याच आजाराला मिळत नाहीत. ॲडमिट व्हावं लागतं."

घरी येऊन तिने सांगितलं. सहादूने ईएसआयचं कार्ड काढून समोर ठेवलं.

"पगारवाढ नको, असं लिहून देता येईल का?"

"कारण इचारतील की."

सहादूने कार्ड परत खिशात ठेवलं.

सप्टेंबरपर्यंत जुनं कार्ड चाललं. मग खाजगी डॉक्टर, विकतच्या गोळ्या. घरखर्च आणि मुलीची शाळा ओढताना मैनाची होणारी दमछाक पाहून सहादू तिच्या नकळत अर्धीच गोळी घ्यायला लागला. थंडीत आवाज परत आले. एके दिवशी चालू मशिन सोडून तो गोदामात खोक्यांमागे जाऊन बसला. भिकननेच त्याला रिक्षात घालून घरी आणलं. "ताप डोक्यात गेला," मैना म्हणाली. भिकनने पुढे काही विचारलं नाही. सहादूला खाजगी दवाखान्यात ठेवावं लागलं. मेडिक्लेमने क्लेम नाकारला.

पुढच्या वर्षी सरकारने ईएसआयची पगारमर्यादा वाढवली आणि सहादू पुन्हा तिच्या आत आला. त्याच डॉक्टरीणबाई, तीच रांग. पूर्ण गोळी सुरू झाली. तो सावरला, कामाला लागला.

तेवढ्यात साहेबांनी त्याला सुपरवायझर व्हायला सांगितलं. पगार पुन्हा मर्यादेबाहेर जाईल म्हणून त्याने नाही म्हटलं. भिकन टपरीवर त्याच्यासमोर उभा राहिला.

"वेडा हायेस का तू? तुझ्यासाठी मी शब्द टाकला होता."

सहादू चहाच्या ग्लासाकडे बघत राहिला. "मला लेथच बरा हाय."

"घरात पोरगी वाढतेय, तिचा तरी विचार कर."

तिचाच विचार केला होता. पण ते बोलायची सोय नव्हती. भिकन त्या दिवसापासून तुटक वागायला लागला.

नंतरची वर्षं सहादू लेथवरच राहिला. नव्या कराराची बोलणी सुरू झाली की त्याची झोप उडायची. युनियनच्या गेट मीटिंगला तो मागे उभा राहायचा. वाढीचा आकडा जाहीर झाला की मनातल्या मनात मर्यादेशी ताडून बघायचा, आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवायचा.