विस्तवावरचा बर्फ

आमच्या लालबागच्या चाळीत गुणाजीकडे बर्फाचं कपाट होतं, आणि त्याच्या खाली आग पेटायची. वर बर्फ, खाली आग! आता तुम्हीच सांगा, माणसाने डोकं कुठे आपटायचं? मी दगडू, गिरणीत साच्यावर उभा राहणारा माणूस, यंत्राला भिणारा नव्हे. पण हे कोडं मला कधी सुटलं नाही.

गुणाजी माझा शेजारी, मालवणकडचा. मलबार हिलला एका साहेबाकडे खानसामा होता. साहेब विलायतेला परत गेला तेव्हा हे रॉकेलवर चालणारं कपाट त्याला देऊन गेला. चाळीत सगळे फिदीफिदी हसले. ‘गुणाजी, आता काय मिशी ठेवणार काय रे बर्फात?’ पण पुढे त्याच्या बायकोला, कौसल्यावहिनीला, साखरेचं दुखणं लागलं. रोज सुई. सुईच्या औषधाची बाटली थंडच राहिली पाहिजे, डॉक्टरांनी बजावलेलं. मग कोण हसतंय! गुणाजी त्या कपाटाची देवासारखी सेवा करायचा. वात कातरायची, मागची धुराची नळी ब्रशाने झाडायची, वर पाण्याची बशी ठेवून कपाट कुठे कलत तर नाही ना ते बघायचं. ज्योत निळी हवी. पिवळी झाली की नळीत काजळी धरते आणि बर्फाचं पाणी होतं.

त्याची आई राधाआजी मात्र त्या कपाटावर खार खाऊन. दिवेलागणीला तुळशीपाशी हात जोडायची, मग गुडघे टेकून कपाटाखाली वाकून बघायची आणि पुटपुटायची, “भुताटकी मेली!” आम्ही म्हणायचो, म्हातारी शिव्या दिल्याशिवाय जेवत नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचे दिवस होते. त्यातल्याच एका मे महिन्यात, भर उकाड्यात, राधाआजी गेली. आणि घोळ सुरू झाला.

आमच्याकडची रीत अशी, की घरात माणूस गेलं की दिवस होईपर्यंत त्या घरात चूल पेटत नाही. जेवण शेजारून येतं. दिवा मात्र तेवत ठेवायचा. मग कपाटाखालची आग म्हणजे चूल की दिवा?

“वात आसा, रॉकेल आसा. दिवोच तो,” गुणाजी म्हणाला.

चाळीचे पुढारी बाबुराव. शिवाजी पार्कच्या सभेत घोषणा देऊन घसा बसलेला. मुंबई कोणाची ह्यात त्यांना कधी तिळभर शंका आली नाही. इथे मात्र गडी गडबडला. “दिवा उजेड देतो. हा उजेड देतो काय? ह्याच्यावर खायची वस्तू तयार होते. म्हणजे चूल!”

“चूल शिजवते हो. हे तर गार करतं,” मी म्हटलं.

“मग... उलटी चूल. पण चूलच!”

कौसल्यावहिनी कोपऱ्यातून म्हणाली, “मालवा ती. सासूच्या सुतकात माझ्यापायी पाप नको.” गुणाजीचं तोंड एवढंसं झालं. आईला दुखवू की बायकोला मारू, असा तो प्रश्न होता. मला चीड आली. म्हटलं, जेवण शेजारून येतं ना? मग थंडीसुद्धा शेजारून येईल! कपाट आणा माझ्या खोलीत.

चौघांनी उचललं. मागून गुणाजी ओरडतोय, “उभा धरा रे, उभा! आडवा झाला तर गेला!” माझ्या दारापर्यंत आला आणि थांबला. सुतकातला माणूस दुसऱ्याच्या उंबऱ्याच्या आत येत नाही.

आता सेवा माझ्याकडे. दुसऱ्याच दिवशी बर्फाला पाणी सुटलं. मी म्हटलं, खाली एवढा जाळ असल्यावर दुसरं काय होणार? केली वात बारीक. आणखी पाणी. आणखी बारीक केली. माझी बायको शेवंती बाटलीला हात लावून म्हणाली, “अहो, ही कोमट लागतेय!” तशी मी गॅलरीत गुणाजीला हाक मारली.

“वात वाढय रे, मेल्या! कमी करतंस कित्याक?”

“आधीच वितळतंय, त्यात आग वाढवू?”

“थंड होऊक आग वाढवची लागता!”

“गुणाजी, शुद्धीवर आहेस ना? ये, तूच कर!”

त्याने एक पाय उचलला, उंबऱ्याकडे बघितलं आणि पाय परत खाली ठेवला. “दगडू, माका येवक येयना रे,” म्हणाला. डोळ्यांत पाणी. मग मी गपगुमान वात वाढवली. संध्याकाळपर्यंत बर्फ धरला. कसा, ते विचारू नका.

दहाव्या दिवशी बाणगंगेवर पिंड ठेवला. कावळे भिंतीवर बसलेले, पण एक खाली येईल तर शपथ. गुणाजीने हात जोडले. “आये, गावच्या घराचा छप्पर शाकारतंय.” नाही. “कौसल्येक अंतर देवचंय नाय.” नाही. उन्हाने डोकी तापली. बाबुराव त्याच्या कानाला लागले, “म्हातारीचा राग त्या कपाटावर होता. विकतो म्हण.”

गुणाजीचा चेहरा काळवंडला. तरी म्हणाला, “आये, कपाट इकतंय.” भिंतीवरचे कावळे उडून पार पलीकडच्या देवळावर जाऊन बसले.

मला काय झालं कुणास ठाऊक. म्हातारीचं ते रोजचं गुडघे टेकणं डोळ्यांपुढे आलं. नुसती शिवी द्यायला कोण एवढं वाकतं? मी पुढे होऊन ओरडलो, “आजी, कपाट पेटतंय! ज्योत निळी आहे! सुनेची बाटली थंड आहे, सकाळीच हात लावून आलोय!”

कावळा आला. पिंडाला शिवला. गुणाजी तिथेच पायरीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. आईला तो आतापर्यंत रडलाच नव्हता.

सुतक फिटल्यावर कपाट त्याच्या घरी गेलं. गुणाजीने वात कातरली, ज्योत लावली. दिवेलागणीला मी सहज डोकावलो, तर कौसल्यावहिनीने तुळशीपाशी हात जोडले, गुडघे टेकले आणि कपाटाखाली वाकून बघितलं.

“भुताटकी मेली,” ती म्हणाली, आणि तिला रडू आवरेना.