पट्ट्याचं चालणं

रामवाडीत आमच्या शेजारी एक कॉलेजातली मुलगी राहते. रक्ताच्या कॅन्सरमधून उठलेली. तिने रोज चालावं म्हणून इस्पितळाने तिच्या मनगटाला पावलं मोजणारा पट्टा बांधलाय आणि अ‍ॅपमध्ये चालण्यावर लक्ष ठेवणारी जोडीदार म्हणून माझं नाव घातलंय. तिची पावलं माझ्याही मोबाइलवर दिसतात.

पोरगी लबाड आहे, असं मला पहिल्यापासून वाटायचं. जिना चढताना भेटली की मध्येच थांबून मोबाइल बघत बसणार. "आज चाललीस का गो?" विचारलं की हसणार. "व्हय काकू, खूप..." एवढं म्हणून वाक्य तिथंच सोडून देणार. आकडा मात्र चढलेला, आणि चपलेला धूळसुद्धा नाही.

काल दुपारी आकडा भराभर वाढायला लागला, तशी मी मुद्दाम तिच्या दारात गेले. तिची आई पोह्याचे पापड लाटत बसली होती. पट्टा आईच्या मनगटावर! लाटणं पुढेमागे झालं की पट्ट्याला वाटायचं, पोरगी चालतेय.

"हिचे बाबा रोह्याला शिफ्टला गेले की मीच घालते," आई ओशाळून म्हणाली. "पावलं कमी दिसली तर डॉक्टर परत मुंबईला बोलावतील. घाबरते ओ ती, वहिनी."

मुलगी आतून आली आणि चौकट धरून उभी राहिली. "काकू, सांगू नका. उद्यापासून मी..."

मी पुढच्या शब्दाची वाट बघितली. आतल्या खोलीतून दारापर्यंत येण्यानेच तिला धाप लागली होती. म्हणजे जिन्यात ती मोबाइल बघत नसायची, दम खात असायची.

डॉक्टरांचा नंबर काढायला मी मोबाइल उघडला. आईचं लाटणं थांबलं. स्क्रीनवर पोरीची पावलंही थांबली.