रिकाम्या गाडीचा आवाज

आमच्या गाडीच्या पुढच्या बाजूनं खडक् असा आवाज यायचा, आणि तो फक्त मलाच ऐकू यायचा. घरच्यांच्या मते गाडीला काहीही झालेलं नव्हतं, जे काही झालं होतं ते मला.

बँकेच्या परीक्षेसाठी रजा काढून मी नांदेडहून परभणीला घरी आले होते. अभ्यासाला म्हणून बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी बसायची, आणि तिथंच तो आवाज पहिल्यांदा ऐकला. वडील पालमचा दवाखाना आटोपून संध्याकाळी परत येत होते. वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. आमच्या फाटकासमोर नालीवर एक फरशी टाकलेली होती. गाडीचं डावं चाक फरशीवरून खाली उतरलं आणि पुढून खडक् झालं. घमेल्यावर कुणी पाना आपटावा तसं. मी पुस्तक मिटून बाहेर आले.

"दादा, गाडीतून आवाज यायलाय."

"कशाचा?"

"पुढून. चाकापासून."

"मला तर कंदी आला न्हाई," दादा पिशवी माझ्या हातात देत म्हणाले. "गाडीत पाच-सहा माणसं आसतेत. त्यांच्या बडबडीत काय ऐकू येतंय मला?"

हे मला पटलं, कारण आमची गाडी तशीच होती. दादा डॉक्टर. रोजचा दवाखाना परभणीत, आणि बाजारच्या दिवशी पालमला एका भाड्याच्या खोलीत. गाडी एका कंत्राटदारानं वापरून वापरून आम्हाला विकलेली. आमच्याकडं रिकामी गाडी दामटत नेणं म्हणजे माजाचं लक्षण. फाट्यावर कुणी हात केला की थांबायचं, आणि नाही केला तरी थांबून विचारायचं. माणसं बसत, तेलाचे डबे बसत, एखादी कोंबडी पायाशी बसे. लहानपणी मी स्वतःच्या बापाच्या गाडीतून पालमला जायची ती कुणातरी अनोळखी बाईच्या मांडीवर बसून. त्यामुळं दादांना ऐकू येत नसेल, हे खरंच वाटलं.

पण मला चैन पडेना. त्याच वर्षी गंगाखेडच्या रस्त्यावर मी एसटीतून एक जीप बघितली होती. तिचं पुढचं चाक पाय मुरगळल्यासारखं आत वळलेलं, आणि जीप पुलाच्या कठड्याला जाऊन टेकलेली. गोदावरीचा पूल दादांच्याही वाटेवर होता. मी पुस्तकातलं व्याजाचं पान उघडायची आणि मला ती जीप दिसायची.

मी दादांच्या मागंच लागले. एकदा त्यांच्या शेजारी बसून गावभर चक्कर मारली, सगळ्या नाल्या, सगळे खड्डे मुद्दाम दाखवून त्यांना त्यावरून गाडी न्यायला लावली. आवाज नाही. गाडी कशी शहाण्या लेकरासारखी चालली. दादा हसले. आई म्हणाली, "तुझं चित्त ठिकाणावर न्हाई. परीक्षेची धास्ती घेतलीस तू." मला एवढा राग आला की मी जेवले नाही, आणि मग भूक लागली म्हणून आणखी राग आला.

शेवटी एका सकाळी दादा दवाखान्यात असताना मी गाडी काढली आणि जिंतूर रोडच्या मिस्त्रींकडं नेली. हे मिस्त्री बोलायला दणदणीत आणि स्वतःबद्दल त्यांना कसलीही शंका नसे. त्यांनी बॉनेटवर दोन्ही हातांनी दाब देऊन गाडी हलवली आणि निकाल दिला, "ताई, शॉकअप गेले. बदलून टाकतो, मग बघा."

शॉकअप बदलले. मग ट्रायल. मिस्त्री स्वतः चालवायला, शेजारी मी, मागं त्यांचे दोन कामगार, आणि गाडी स्टेशनकडं निघालीच आहे तर म्हणून समोरचा चहावाला किटलीसकट. ट्रायलची गाडीसुद्धा आमच्याकडं रिकामी जात नाही. आवाज आला नाही. "बघा, मखमल!" मिस्त्री म्हणाले. चहावाल्यानंही मान डोलावली. मी एकटी घरी निघाले आणि रेल्वेच्या फाटकात रुळांवर चाक चढलं तसं खडक्!

मी परत गेले. पुन्हा ट्रायल, पुन्हा भरलेली गाडी, पुन्हा मखमल. तिसऱ्यांदा गेले तेव्हा मला बघून मिस्त्री एका ट्रकखाली शिरले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

उलगडा झाला तो शेजारच्या काकूंमुळं. त्यांना दोन लेकरं घेऊन रेल्वे गाठायची होती. त्या पुढं माझ्याशेजारी बसल्या, एक मांडीवर, एक पायाशी. फाटकातून गेलो, आवाज नाही. त्यांना स्टेशनवर उतरवून त्याच फाटकातून परत आले, खडक्. मी गाडी वळवली आणि पुन्हा रूळ ओलांडले. खडक्. पुन्हा वळवली. फाटकवाला खोलीबाहेर येऊन कमरेवर हात ठेवून बघायला लागला. शेजारची सीट रिकामी असली की गाडी बोलत होती, माणूस बसलं की गप्प. मी तशीच मिस्त्रींकडं गेले, रिकाम्या सीटचं सांगितलं आणि म्हणाले, आता ट्रायलला या गाडीत कुणीही बसायचं नाही.

मिस्त्रींना हे लगेच कळलं. "बोज पडला की सांधा दबून बसतो ताई. रिकामा आसला की नाचतो." त्यांनी डाव्या बाजूला जॅक लावला, चाक उचललं, आणि चाकाखाली टॉमीची लोखंडी दांडी घालून वर रेटलं. सबंध चाक वरखाली हललं. मलासुद्धा दिसलं. चाकाला धरून ठेवणारा तो गोळ्याचा सांधा, बॉल जॉइंट, आपल्या वाटीत खुळखुळत होता. मिस्त्रींचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"या अल्ला. हे कवाबी निसटलं आसतं."

"आन निसटलं तर?"

"चाक आडवं. मग गाडी तिला जायचं तिकडं जाती."

माझं खरं ठरलं होतं. मी तिथल्या टायरवर बसले. गेले कित्येक बाजार दादा या चाकावर गोदावरी ओलांडत होते.

सांधा नांदेडहून मागवावा लागणार होता आणि दुसऱ्याच दिवशी पालमचा बाजार. मी दवाखान्यात निरोप पाठवला. थोड्या वेळानं दादा सायकलरिक्षातून उतरले, गळ्यात स्टेथोस्कोप तसाच.

"उद्या माझे पेशंट बसलेले आसतेत," ते मिस्त्रींना म्हणाले. "तारेनं आवळून दे. नवीन नंतर टाक."

"तार न्हाई चालत डाक्टरसाब." मिस्त्री हात पुसत होते. "दुसऱ्या बाजूचाबी बघावा लागंल. आवाज डावीकडूनच येतो का उजवीकडून बी?"

"डावीकडूनच," दादा म्हणाले. त्यांना लवकर सुटायचं होतं. "गंगाखेडच्या अलीकडं मोरी हाय तिथं येतो. मग पुलावर चढताना. पल्याड डांबर उखडलंय तिथं सारखाच. आन पालमच्या वेशीपाशी लय जोरात. येताना बी तसाच. दसऱ्यापासून चालू हाय."

मिस्त्री काही वाईट हेतूनं बोलले नाहीत. ते चाकाकडंच बघत होते. "म्हंजे जाताना बी, येताना बी गाडी रिकामीच आसती," ते म्हणाले, आणि मग मान वर करून आमच्या दोघांकडं बघत राहिले.

दादांनी स्टेथोस्कोप गळ्यातून काढून खिशात कोंबला. सांधा आल्यावर बसव, म्हणाले, आणि रिक्षाकडं चालायला लागले.

रिक्षात मी त्यांच्या शेजारी बसले. विचारायचं काय हे मला कळलं होतं. ती नामांतराची वर्षं होती. विद्यापीठाच्या नावावरून सगळा मराठवाडा धुमसत होता, खेड्यांमध्ये आमच्या माणसांची घरं जळाली होती. आम्ही बौद्ध. दादा डॉक्टर, सगळ्यांच्या घरात जाणारे, म्हणून आम्हाला त्याची झळ लागणार नाही असं मी धरून चालले होते. दसऱ्याच्या सुमाराला एका सभेत ते उभे राहिले आणि नामांतर झालंच पाहिजे एवढंच बोलून खाली बसले. घरी त्यावर चार दिवस बोलणं झालं, मग विषय संपला. म्हणजे मला तसं वाटलं होतं.

"सभेपासून?" मी विचारलं.

"हं."

"पेशंट पण येईनात का?"

"पेशंट येतेत की. रांग आसती." ते रिक्षावाल्याच्या पाठीकडं बघत बोलत होते. "सुई टोचून घेताना दार लावलेलं आसतं. गाडीत बसताना सगळा फाटा बघतो."

"घरी का न्हाई सांगितलं?"

"तुझी आई दर बाजारला विचारती, आज कोण कोण होतं गाडीत. मी सांगतो नावं."

"कुणाची?"

"आधी बसायचे त्यांचीच."

मला काय करावं कळेना. रडू नाही आलं, संताप आला. त्या फाट्यांवरच्या एकेका माणसाचा आला, ज्यांची लेकरं दादांनी रात्री-बेरात्री उठून बघितली होती. आणि दादांचाही आला. आवाज एवढा ऐकत होता तर गाडी दाखवली का नाही, मी ओरडलेच. रिक्षावाल्यानं मागं वळून बघितलं.

"मधी एकदा एक म्हातारबा बसला होता," दादा म्हणाले. "त्याला कुणी काही सांगितलं नसंल. तेवढ्या दिवशी आवाज गेला. मला तवाच समजलं गं. मिस्त्रीकडं नेली तर तो पहिलं हेच विचारणार, गाडी भरलेली आसती का रिकामी. विचारलंच न्हाई का?"

म्हणजे या माणसानं एका प्रश्नाला उत्तर द्यायला लागू नये म्हणून मोडकं चाक पुलावरून नेलं होतं.  घरी आईनं विचारलं तेव्हा मी फक्त सांधा सापडला एवढं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दादा एसटीनं पालमला गेले. आठवड्याच्या आत मिस्त्रींनी नवा सांधा बसवला, यावेळी एकटेच चालवून बघितली, आणि मखमल हा शब्द न वापरता किल्ली दिली. पुढच्या बाजारला मी दादांबरोबर निघाले. माझी परीक्षा तोंडावर होती, पण घरी बसून माझ्याच्यानं काही वाचून होणार नव्हतं.

मोरीवर आवाज नाही. मी शेजारी होते म्हणून नव्हे, सांधा नवा होता म्हणून, हे माझं मला कळत होतं, तरी प्रत्येक खड्ड्याला माझे पाय ताठ व्हायचे. पूल ओलांडला. पलीकडं फाट्यावर बाजारची माणसं उभी होती. टोपल्या, गाठोडी, एक शेळी. दादांनी गाडी बाजूला घेतली, थांबवली, हात मागं लांबवून मागचं दार उघडलं.

कुणी हललं नाही. एकजण मला ओळखीचा वाटला. त्याची नजर एसटी येणार त्या दिशेला होती आणि मान एवढी वळवलेली की दुखत असणार. एक बाई दोन पावलं पुढं आली, मग शेजारणीनं काहीतरी म्हटलं आणि ती गाठोडं नीट करायला खाली बसली. दादा घाई करत नव्हते. मग त्यांनी दार ओढून घेतलं आणि गिअर टाकला.

"दर वेळी थांबता का तुमी?" मी विचारलं. "कशाला? त्यांनी एवढं करून बी?"

"त्यांनी काय करावं ते त्यांचं," दादा म्हणाले. "मागची सीट रिकामी हाय. रिकामी गाडी घिऊन मी तसाच निघून गेलो, तर मग त्यांचंच खरं झालं की."

पुढचा फाटा आला. ते पुन्हा थांबले. या वेळी मी खाली उतरले आणि मागचं दार सताड उघडून धरलं. "पालमला कोण येणार हाय का?" मी विचारलं. माझा आवाज फार मोठा निघाला. समोरच्या माणसांनी माझ्याकडं बघितलं आणि मग रस्त्याकडं. मी उन्हात उभी राहिले, राहवेल तेवढा वेळ. मग असलं नसलं बळ लावून ते दार आपटलं आणि पुढं येऊन बसले.

दादांनी लगेच गाडी चालू केली नाही.

"दार एवढं आपटू नकू गं," ते म्हणाले. "लोकांना बसायचंय त्यात."