कुरळ्या केसांची आत्या

धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये होते. "आत्या गेली ग... जेवून आडवी झाली ती उठलीच नाही." कुंभकोणमला पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. तिथल्या मेलकावेरी भागातल्या आमच्या घरात आई एकटीच ओसरीवर बसलेली. याला आता दीड महिना होत आला.

यमुनाआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, टपाल कचेरीत नोकरी केली आणि जन्मभर आमच्यात राहिली. तंजावरच्या राजांबरोबर आलेलं आमचं घराणं; घरात जुनी मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. साऱ्या कुळात कुरळे केस दोघींचेच, तिचे आणि माझे. बाकी सगळ्यांचे सरळसोट. शुक्रवारी तेल लावून न्हायचं, सांब्राणीच्या, म्हणजे उदाच्या, धुरावर केस वाळवायचे आणि मग फणी फिरवायची, ही सगळ्या घरांची रीत. सरळ केसांना ती मानवते. माझं मात्र केसांगणिक रडणं चाले. फणीचे दात मोडत, आई हैराण होई. तिचे केस रेशमासारखे, तिला माझ्या डोक्यावरचं हे प्रकरण कळायचं कसं?

मी पाचवीत असताना आई स्वामीमलैच्या देवाला नवस बोलली. पोरीचे केस देते, नवे सरळ येऊ देत. तमिळमध्ये ज्याला मोट्टै म्हणतात तो चमनगोटा करायचा होता. तसं केलं की कुरळे केस सरळ उगवतात, असं आमच्याकडे सगळे छातीठोक सांगत. मी दोन दिवस जेवले नाही. चमनगोटा करून शाळेत जाणार नाही म्हणून हटून बसले.

आत्याने आईला ओसरीवर बसवून घेतलं. "सरोजा, मी सांगत्यें ऐक. माझी मोट्टै लहानपणीं दोनदां झाली. दोनदां हेच केंस आले. देवाने पुनः पुनः तेंच दिलं, आतां आणखी काय विचारतेस त्याला?"

"वन्सं, बोललेला नवस मोडूं कसा? पोरीला कांहीं झालं म्हणजे?" आई खरोखर घाबरली होती.

"मोडूं नको. केंसच द्यायचे ना? माझे अहेत."

आणि तिने ते दिले! तमिळ शेजारणी नवसाला सर्रास मोट्टै करतात, पण आमच्या मराठी घरांत मोठ्या बाईचं मुंडलेलं डोकं म्हणजे अशुभ. हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. ती मात्र दुसऱ्या दिवशी तशीच टपाल कचेरीच्या खिडकीवर जाऊन बसली. काय मागितलंत देवाकडे, असं कुणी विचारलं की सांगायची, "लोकांना रांगेत उभं राहायची बुद्धी."

माझे केस तेव्हापासून तिच्या ताब्यात गेले. तिचे नवे केस उगवले तेही अर्थात वळणावळणाचेच, आणि ते बोटबोटभर वाढताना तिने त्यांच्याकडे नीट लक्ष दिलं. सरळ केसावरून तेल मुळापासून टोकापर्यंत घसरत जातं, आपल्या केसांत ते वळणावर अडतं, म्हणून टोकं तहानलेली राहतात, हे तिने मला समजावलं. जास्वंदीची पानं पाण्यात कुस्करून तो बुळबुळीत रस ती केसांना चोळायची आणि केस ओले असतानाच बोटांनी गुंता सोडवायची. टॉवेलने खसाखसा पुसणं बंद. बाबांचं जुनं मऊ धोतर नुसतं गुंडाळायचं. वाळल्यावर केसांना हात म्हणून लावायचा नाही. आज पुण्यात याच गोष्टी महागड्या बाटल्यांवर छापलेल्या दिसतात तेव्हा मला आधी हसू येतं, मग तिचा अभिमान वाटतो. आम्ही दोघी शुक्रवारी परसात पाठीला पाठ लावून बसत असू... आई स्वयंपाकघरातून बघे, आणि आत निघून जाई. तिने माझ्या केसांना परत कधी हात लावला नाही. मी मोठी झाले, पुण्याला गेले, तरी नाही.

दिवसकार्य उरकलं, पाहुणे गेले आणि शुक्रवार आला. मी न्हाऊन परसात बसले. केसांतून पाणी निथळत होतं. मागे कुणीतरी पाट ओढला. आई होती, गुडघे धरून सावकाश बसली.

"मला भय वाटायचं," ती म्हणाली. "माझे हात लागले कीं तूं रडायचीस. वन्संना विचारावं म्हणत होत्यें, तें राहूनच गेलं... कसं करायचं तें तूं सांग."

"टोकापासून सुरू कर," मी म्हणाले, "मुळाशी अगदी शेवटी ये."

तिची म्हातारी बोटं टोकाकडून हळूहळू वर सरकू लागली. एका गाठीपाशी ती थांबली आणि म्हणाली, "दुखतें का?"

दुखत होतं. मी नाही म्हणाले.