तटातली कडी

पन्नासावा वाढदिवस एकटीनंच साजरा करायचा म्हणून मी खाडीकाठच्या किल्ल्यावर आले. तटाच्या दगडात गलबतं बांधायची लोखंडी कडी अजून आहे. समोर मात्र आता चिखल, कांदळवन आणि जेमतेम होडीपुरतं पाणी. हे बंदर नेमकं कधी बंद पडलं असेल? शेवटचा दोर सोडणाऱ्याला तो शेवटचा आहे हे कळलं तरी असेल का? माझ्याही हातून असे किती दोर नकळत सुटले असतील!

तेवढ्यात कडीवर एक खंड्या येऊन बसला.

"ओ ताई, ओहोटी लागली! होडी रुतेल," मला इथं घेऊन आलेल्या होडीवालीनं खालून हाक मारली.

"थांब गं जरा, याला मासा मिळतो का बघू दे."

"मिळणार की! रोज इथंच असतो तो."

म्हणजे बंदर चालूच होतं.