बोटीवर गेलेला माणूस

हातात पेन असलेला माणूस दिसला की बारकीबाय त्याच्या खांद्यामागे येऊन उभी राहायची. तलाठी असो, नर्स असो, नाहीतर माझ्यासारखी शाळेतली बाई. तिला अक्षरओळख नव्हती, पण लिहून होईपर्यंत ती हलायची नाही. मग म्हणायची, "काय लिवलं? वाच." आणि वाचावंच लागायचं. नाव बारकी, पण माझ्यापेक्षा वीतभर उंच. वारली माणसं कलेक्टरलासुद्धा 'तू' म्हणतात हे ठाऊक असूनही ते 'वाच' ऐकलं की माझं डोकं फिरायचं.

मी घोलवडची. २०१४ साली बदली होऊन तलासरीजवळच्या वेवजीच्या एका पाड्यावर गेले आणि शिकवण्याबरोबर मतदारयादीचं काम गळ्यात पडलं. घरोघरी जायचं, कोण आहे, कोण वारलं, कोण गाव सोडून गेलं ते लिहायचं. हे काम निघायचं पावसाळ्यानंतर, आणि नेमके तेव्हा पाड्यावरचे निम्मे पुरुष गुजरातच्या बंदरांतून खलाशी म्हणून समुद्रात असायचे. नारळी पौर्णिमेनंतर गेलेले ते मेअखेरीला परत. पुरुष घरात दिसला नाही की मी लिहायची 'स्थलांतरित'. उन्हात पाय दुखायचे, चौकशीचा कंटाळा यायचा, लिही स्थलांतरित. खोटं कशाला बोलू?

असंच एका वर्षी तिच्या दारात तिच्या नवऱ्याच्या, रूपजीच्या नावापुढे मी ते लिहिलं. तिने वाचायला लावलं, मग अर्थ विचारला. मी सांगितला. ती जराही आवाज न चढवता म्हणाली, "गाव कोणी सोडला? तो बोटीवर गेला. नवा भात शिजला की आम्ही त्याचं पान मांडतो. बोटीवरचा माणूस घरातच धरतात, बाई." मी गुपचूप खोडलं. तेवढ्यावर सुटका कुठली. माझं दप्तर स्वतःच्या काखेत मारून तिने मला मागे उरकून आलेल्या आठ घरांत फिरवलं आणि आठही नावं सरळ करून घेतली. दुपारचं जेवण राहिलं म्हणून मी घरी येऊन तिला यथेच्छ शिव्या घातल्या.

दोन महिन्यांनी बातमी आली. सागरी हद्दीजवळ पाकिस्तानवाल्यांनी रूपजीची बोट धरली. बोट चालवणाऱ्या तांडेलासकट सगळे कराचीच्या तुरुंगात.

तिकडे शिक्षा संपली तरी माणूस सुटत नाही, हे मला तेव्हा कळलं. तो भारतातला, अमुक गावचा, हे इथून लिहून जावं लागतं. रूपजीचं मतदानकार्ड बोटीवरच्या पेटीत होतं, ती पेटीही गेली. तलासरीहून पोलीस पुरावा विचारायला आला तेव्हा बारकीबाय त्याला थेट माझ्या वर्गात घेऊन आली. मी यादी उघडली. रूपजी, घर क्रमांक, वय, सगळं जागच्या जागी. ते पान मी पोलिसासमोर धरलं. तिने त्या दुपारी मला मोकळं सोडलं असतं, तर मीच लिहून ठेवलं असतं की हा माणूस इथला नाही. पोलिसाने अहवाल लिहिला. तिने तो दोनदा वाचून घेतला.

मग २०१९ची निवडणूक आली, आणि ती सगळी पाकिस्तानवर चालली. काश्मीरात जवान मारले गेले होते, विमानं उडाली होती. पाण्याचं, रोजगाराचं कोणी बोलेना. ज्याची जीप यायची तो भोंग्यावरून शेजाऱ्याला धडा शिकवायची भाषा करायचा. बारकीबाय प्रत्येक जीपसमोर उभी राहून विचारायची, "आमचा माणूस तिकडं आहे, तो कधी आणता?" एकजण म्हणाला, निवडून आल्यावर. दुसरा म्हणाला, आधी समोरच्या पक्षाला पाडा. जीप निघून जायच्या. मार्च संपताना ती शाळेच्या ओट्यावर येऊन बसली. मी तिला बसलेली प्रथमच पाहत होते. म्हणाली, "हे तिकडच्यांशी भांडतात, बाई. आता आमच्या माणसाला कोण सोडेल?"

आणि त्याच धामधुमीत तिकडून खलाशी सोडल्याची बातमी आली. वाघा सीमेवरून, बडोद्यावरून, मतदानाच्या तीन दिवस आधी रूपजी तलासरीला उतरला. सांगाडा झाला होता नुसता.

मतदानाच्या दिवशी दोघं रांगेत सगळ्यात पुढे. रूपजीकडे रोजगार हमीचं फोटोवालं कार्ड होतं, पण फोटोतला माणूस दुप्पट जाड. आतल्या एका पोलिंग एजंटने हरकत घेतली, हा तोच कशावरून, इतकी वर्षं हा इथे नव्हता. केंद्राध्यक्षांनी गैरहजर आणि स्थलांतरितांची यादी मागवली. बाहेरच्या मदतीच्या टेबलावरून मीच ती आत नेली. म्हटलं, "साहेब, यात याचं नाव नाही. हा इथलाच आहे. मी ओळखते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, यादीकडे पाहिलं आणि रूपजीच्या बोटाला शाई लावायला सांगितलं. मशीन वाजलं तेव्हा मी, सरकारी कामावरची बाई, सगळ्यांसमोर रडले. लाज बिज काही वाटली नाही.

बाहेर, शंभर मीटरच्या रेघेपलीकडे, दोन्ही पक्षांची पोरं फोन काढून उभी होती. पाकिस्तानातून सुटून मत द्यायला आलेला खलाशी, असा फोटो त्यांना कुठे मिळणार? त्यातले दोघे रूपजीच्या गळ्यात हात टाकायला धावले. बारकीबाय मध्ये आली.

"तिकडचे खलाशी आपल्या तुरुंगात आहेत," ती म्हणाली. "याला तिथं तुरुंगात एका म्हाताऱ्याने सांगितलं, त्याचा पोरगा इकडं अडकला. त्या पोराची आई पण दारात बसली असेल. त्यांना कधी सोडता ते बोला, मग काढा फोटो."

एकाने फोन खिशात टाकला, मग दुसऱ्याने. मतदानाला येणाऱ्या बायका मात्र हसायला लागल्या, मोठ्याने, एकीचं बघून दुसरी. त्या हसण्यातून ती उंच बाई नवऱ्याचा दंड धरून पाड्याच्या वाटेने निघाली. वाट दिलीच सगळ्यांनी, पक्षवाल्यांनी आधी.